भागदाखल्यावरचे नाव
(गृहनिर्माण संस्थांच्या कायद्याची हकीगत)

जिन्याखालच्या फलकावर वार्षिक सभेची नोटीस लागली, की बहुतेक घरांतून एकच वाक्य ऐकू येते : "तुम्हीच जाऊन या बाई, मला त्यातले काय कळतेय!" हे वाक्य यजमानांना उद्देशून असते. यजमानही आढेवेढे घेत, चष्मा पुसत, दहा मिनिटे उशिराने गच्चीवर जातात आणि परत आल्यावर "पाण्याच्या टाकीवरून भांडण झाले" एवढेच सांगतात. ज्या घराचा केर आपण काढतो, ज्याच्या गळक्या भिंतीखाली आपणच बादली ठेवतो, त्या घराच्या कायद्याशी आपला संबंध एवढ्यावरच थांबतो.

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा आग्रह झाला. किल्ल्यांवर आणि संतांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून मी आपण राहतो त्या चार भिंतींचाच इतिहास निवडला. हा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि अजून संपलेला नाही. मुंबईला आमदार मंडळी दर काही वर्षांनी त्यात भर घालत असतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. गावाकडचा वाडा ज्या अर्थाने आजोबांच्या मालकीचा होता, त्या अर्थाने सहकारी सोसायटीतला ब्लॉक आपल्या मालकीचा नसतो. जमीन आणि इमारत संस्थेची. आपण त्या संस्थेचे भागधारक, आणि सभासद म्हणून आपल्याला अमुक मजल्यावरच्या अमुक खोल्या वापरण्याचा, विकण्याचा, मागे ठेवून जाण्याचा हक्क. बिल्डरशी केलेला करारनामा असतो, तो महत्त्वाचाच. पण सोसायटीच्या दप्तरात घर ओळखले जाते ते पन्नास-पन्नास रुपयांच्या काही भागांच्या दाखल्यावरून. हा भागदाखला बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात, विम्याच्या कागदांखाली असतो. त्यावर कोणाचे नाव आहे, आणि दोन नावे असली तर पहिले कोणाचे, यावर मतदानापासून वारसापर्यंत पुष्कळ गोष्टी ठरतात. आपल्यापैकी कितीजणींनी तो उलगडून वाचला आहे?

असो. गोष्ट सुरू होते ती प्लेगापासून. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दाटीच्या, अंधाऱ्या चाळींतून माणसे मरू लागली. सरकारने १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट नेमला. रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पडले. परंतु भूखंड पडले म्हणून मध्यमवर्गीय कारकुनाला घर मिळते असे थोडेच आहे? त्याच्याजवळ एकरकमी पैसा नव्हता आणि पतही नव्हती.

ही अडचण ओळखली ती रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी. कारवारकडून पोटासाठी मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले हे गृहस्थ. १९०६ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली. आज ती बँक म्हणून सर्वांना माहीत आहे. त्या काळी १९०४ चा सहकारी कायदा होता तो केवळ पतपेढ्यांपुरता. १९१२ मध्ये नवा कायदा आला आणि कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेने तालमकींनी १९१५ च्या मार्चमध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली. बंगळूरची एक संस्था तिच्याही सहा वर्षे आधीची, १९०९ ची आहे. पण आपल्याकडे सोसायटीची जी पद्धत पडली तिचे मूळ गावदेवीलाच शोधावे लागते. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या पहिल्या सोसायटीची रचना मोठी शहाणपणाची होती. सभासदांनी भाग घ्यायचे, त्या भांडवलावर संस्थेने कर्ज काढून इमारत बांधायची, आणि सभासदांनी तिथे संस्थेचेच भाडेकरू म्हणून राहायचे. म्हणजे मालकही आपणच आणि भाडेकरूही आपणच! घरमालकाची मर्जी नाही आणि एकट्याने सगळा पैसा उभा करायची धास्ती नाही. एकाच ज्ञातीची माणसे एकत्र आल्यामुळे विश्वासाचा प्रश्न सुटला, हेही खरे. ज्ञातीपुरत्या सोसायट्या असाव्यात की नाहीत हा वाद मात्र पुढे नव्वद वर्षे पुरला. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तशी पोटनियमातली मर्यादा वैध ठरवली. मला स्वतःला तो निकाल रुचत नाही, पण तो वेगळा लेख होईल.

इथे जरा थांबून विचारावेसे वाटते, की १९१५ च्या या 'सभासदा'मध्ये बायका कुठे होत्या? कायद्याने स्त्रियांना सभासद होण्यास बंदी नव्हती. पण भाग घ्यायला पैसा लागतो आणि त्या काळच्या हिंदू स्त्रीच्या हाती तिच्या दागिन्यांपलीकडे फारसे काही नसे. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्राचा हक्क होता, वाटा नव्हता. १९३७ च्या कायद्याने नवऱ्याच्या हिश्शात तिला हक्क मिळाला, पण तो हयातीपुरता. विकायला, द्यायला ती मोकळी नव्हती. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा कुठे स्त्रीची मालमत्ता तिची पूर्ण मालकीची झाली. आणि त्यातही एक पाचर होतीच. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे करीपर्यंत मुलींनी मागायची नाही, असे त्या कायद्याचे २३ वे कलम सांगत होते. ते कलम २००५ साली रद्द झाले. म्हणजे एकोणपन्नास वर्षे घराच्या भिंतीत मुलीचा वाटा होता, पण तो मागण्याची सोय नव्हती.

सोसायट्यांच्या कायद्याकडे परत येऊ. १९२५ साली मुंबई इलाख्याने सहकारी संस्थांचा आपला स्वतंत्र कायदा केला. दादर, माटुंगा, विलेपार्ले, सांताक्रुझ अशा ठिकाणी सोसायट्या वाढू लागल्या. पण खरा पूर आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. भाडेकरू निश्चिंत झाले. पण नव्या चाळी बांधून भाड्याने देण्यात कोणाला रस उरला नाही. फाळणीनंतर निर्वासित आले, गिरण्या-कचेऱ्यांमुळे माणसे येतच होती. जागा मिळायची ती पागडी मोजून. अशा वेळी बांधकाम करणाऱ्यांनी नवी युक्ती काढली : भाड्याने न देता ब्लॉक 'ओनरशिप'वर विकायचा. आपल्या आईवडिलांच्या पिढीने 'ओनरशिपचा ब्लॉक' हे शब्द किती अभिमानाने उच्चारले! त्या शब्दात नेमकी ओनरशिप किती, हे मात्र कोणी विचारले नाही.

बिल्डर पैसे घेई, इमारत अर्धवट सोडी. एकच ब्लॉक दोघांना विकी. नकाशात एक दाखवी, बांधी दुसरेच. सर्वांत वाईट म्हणजे लोक राहायला आल्यावरही सोसायटी नोंदवून देत नसे आणि जमीन स्वतःच्या नावावर ठेवी. तक्रारी इतक्या वाढल्या की १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि अवघ्या वीस दिवसांत, २० मे १९६० रोजी, सरकारने या प्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. राज्याचे रांगणेही सुरू झाले नव्हते, तेव्हा त्याच्या समोर आलेल्या पहिल्या काही प्रश्नांत हा आपल्या ब्लॉकचा प्रश्न होता. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला, तो लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरी नाव 'मोफा'. कायद्याच्या प्रस्तावनेतच गैरप्रकार आहेत आणि ते वाढत आहेत, अशी साफ कबुली आहे. सरकारी भाषेत एवढा स्पष्टपणा क्वचित आढळतो.

मोफाने सांगितले, की करार लेखी व नोंदणीकृत हवा. जमिनीचे कागद, मंजूर नकाशे गिऱ्हाइकाला दाखवलेच पाहिजेत. घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवले पाहिजेत. पुरेसे गिऱ्हाईक झाले की बिल्डरने सोसायटी नोंदवून द्यावी आणि दुसरी मुदत ठरली नसेल तर चार महिन्यांत जमीन-इमारत तिच्या नावे करून द्यावी. याला आपण 'कन्व्हेयन्स' म्हणतो, सरकारी मराठीत 'अभिहस्तांतरण'. शब्द तोंडात फिरवता येत नाही हे कबूल. पण त्याचा अर्थ सोपा आहे : पायाखालची जमीन कोणाची?

मोडणाऱ्याला तुरुंगाची तरतूद असूनही हा भाग कागदावरच राहिला. कारण उघड होते. शहरातली जमीन वर्षागणिक महागत होती. ती आपल्या नावावर राहिली तर उद्या वाढीव बांधकामाचा फायदा आपला, हे बिल्डरला कळत होते. राहणाऱ्यांना कळत नव्हते, किंवा कळूनही वकिलाचा खर्च परवडत नव्हता. पंचेचाळीस वर्षे अशी गेली. अखेरीस २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आले, आणि २०१० मध्ये त्याचे नियम झाले. बिल्डर सही देत नसेल, सापडतच नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. त्यांनी कागद तपासून, दुसऱ्या बाजूला बोलावून, सोसायटीच्या हक्काचा दाखला द्यावा. म्हणजे सही न करणाऱ्याने सही केली असे मानायचे. आपल्या पुराणांत असे मानण्याचे दाखले पुष्कळ आहेत. कायद्याला ते सुचायला वेळ लागला इतकेच.

या मोफाच्या बरोबरीने दुसरा कायदा चालत होता, आणि आपल्या विषयाचा गाभा त्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. साखर कारखान्यांपासून दूध संघापर्यंत सर्वांना एकच कायदा. त्यातच आपली चार मजली सोसायटीही. उसाच्या राजकारणासाठी बेतलेला अंगरखा आपल्या अंगावर ढगळ होणारच. तरी त्यातली दोन कलमे आपल्याला कायम चिकटली.

पहिले मतदानाचे. एका सभासदाला एक मत, आणि भाग दोघांच्या नावे असला तर ज्याचे नाव दाखल्यावर पहिले, मत त्याचे. तो हजर नसेल तर दुसऱ्याचे. जिचे नाव दुसरे, ती कायद्याच्या भाषेत 'सहयोगी सभासद'. कायद्यात कुठेही 'नवरा पहिला, बायको दुसरी' असे लिहिलेले नाही. ते आपण फॉर्म भरताना लिहिले. पन्नास-साठ वर्षे जवळजवळ प्रत्येक जोडनावाच्या दाखल्यावर ही ओळ त्याच क्रमाने भरली गेली. बायकोचा पगार हप्त्यात जात असला तरीही! या बाबतीत कायद्यापेक्षा आपल्या बॉलपेनचा दोष अधिक आहे.

दुसरे कलम ३० वे, वारसाचे. सभासद वारला तर त्याने नेमलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे नॉमिनीच्या, नावे भाग करावेत. कोणी नेमले नसेल तर समितीला जो वारस दिसेल त्याच्या नावे करावेत. हे वाचून सर्वसाधारण समजूत अशी झाली की नॉमिनी म्हणजे मालक. घराघरांतून यावर किती अबोले झाले असतील याची गणती नाही. कोणी थोरल्या मुलाला नॉमिनी करून ठेवी, कारण बँकेची धावपळ तो करतो, आणि वडील गेल्यावर तोच थोरला आईला म्हणे, "कागदावर माझे नाव आहे." आमच्या ओळखीतल्या एका बाईंना पतीच्या तेराव्यानंतर सोसायटीच्या कचेरीत असेच ऐकावे लागले. तेथल्या वहीत त्यांचे नावच नव्हते. पस्तीस वर्षे त्या जिन्याने त्या दळण घेऊन चढत होत्या.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८२ साली सोसायटीच्या ब्लॉकविषयीच सांगितले, की नॉमिनी हा केवळ विश्वस्त. मालकी वारसा कायद्याप्रमाणे सर्व वारसांची. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत हेच तत्त्व मान्य केले. पुढे काही निकालांनी पाणी गढूळ केले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालय म्हणाले की सोसायटीने नॉमिनीच्या नावे भाग करून द्यायलाच हवेत, मात्र इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मागता येईल. याचा पहिला अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. कंपन्यांच्या शेअर्सवरून चाललेल्या वादात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निक्षून सांगितले, की नामनिर्देशन हे मृत्युपत्र नव्हे.

मधल्या काळात एक गोष्ट अशी घडली की तिच्याकडे आपल्यासारख्या 'ओनरशिप'वाल्यांचे लक्षच गेले नाही. १९९० च्या दशकात मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाची नियमावली तयार झाली. तीत एक तरतूद आहे, की झोपडीच्या बदल्यात मिळणारी खोली ही त्या रहिवाशाच्या आणि त्याच्या पतीच्या वा पत्नीच्या संयुक्त मालकीची राहील, आणि सोसायटीच्या दप्तरात, भागदाखल्यासह सर्व कागदांवर, तशी नोंद होईल. इतकेच नव्हे, तर ती झाली आहे असे मानले जाईल! ज्या बाईला आपण आपल्या घरी धुण्याभांड्याला बोलावतो, तिला कायद्याने दिलेली ही खात्री आपल्याला, नोंदणीकृत करारनाम्याच्या आणि गृहकर्जाच्या बायकांना, कोणी दिली नाही. आपण मागितलीही नाही. मला या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत बोलके कलम वाटते.

१९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याचा उल्लेख केवळ पुरता करते. त्यात सोसायटीऐवजी प्रत्येकाला आपल्या सदनिकेची प्रत्यक्ष मालकी आणि जमिनीत अविभाज्य हिस्सा मिळतो. पुण्याकडे ही पद्धत बरीच दिसते. तिचे नियम निराळे आहेत, म्हणून आपली इमारत 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट', हे एकदा विचारून घ्यावे. २०१६ च्या केंद्राच्या रेरा कायद्याने नव्या इमारतींच्या बाबतीत बिल्डरवर आणखी लगाम आला; त्यावर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले आहे.

बायकांना समितीत जागा मिळाली ती घटनादुरुस्तीच्या वाटेने. २०१२ साली अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर दोन जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्याप्रमाणे आपला कायदा दुरुस्त केला. सहकार हा राज्यांचा विषय असताना राज्यांची संमती न घेता दुरुस्ती झाली, म्हणून जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा राज्यांतर्गत संस्थांपुरता भाग अवैध ठरवला. परंतु महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यात राखीव जागा आल्या होत्याच. या जागांचे पुष्कळ सोसायट्यांत काय होते, ते आपण जाणतो. चेअरमन घरी येऊन म्हणतात, "वहिनी, दोन लेडीज लागतात, तुमचे नाव टाकतो, तुम्हाला काही करावे लागणार नाही." आणि वहिनी खरोखरच काही करत नाहीत. जिथे त्यांनी हिशेबाची वही मागितली आहे, तिथली गोष्ट निराळी झाली आहे.

मग आले २०१९. साखर कारखान्यांचा अंगरखा गृहनिर्माण संस्थांना बसत नाही हे शेवटी मान्य झाले आणि त्या वर्षी सहकार कायद्यात केवळ आपल्यासाठी नवे प्रकरण घातले गेले : १३-ब, कलम १५४-ब व त्यापुढची कलमे. पाच माणसांनाही सोसायटी काढता येऊ लागली. आपल्या दृष्टीने त्याहून मोठे बदल दोन. एक, ज्यांचे नाव दाखल्यावर दुसरे आहे, पण ज्यांचा घरात हक्क-हितसंबंध आहे, त्यांना 'संयुक्त सभासद' असे वेगळे, स्वच्छ नाव मिळाले. 'सहयोगी सभासद' हा शब्द आता दाखल्यावर नाव नसलेल्या जवळच्या नातलगासाठी राहिला : पती, पत्नी, आईबाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे. सभासदाच्या लेखी शिफारशीने असा नातलग त्याच्या वतीने सभेचे हक्क बजावू शकतो. म्हणजे "मला त्यातले काय कळतेय" म्हणणाऱ्या सुनेलाही सभेला जायची सोय झाली!

दुसरा बदल ३० व्या कलमाच्या जागी आला. आता सभासद वारल्यावर मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा सर्व वारसांनी मिळून केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे भाग हक्कदाराच्या नावे करायचे. आणि नॉमिनी असेल तर वारसांची नावे लागेपर्यंत त्याला 'तात्पुरता सभासद' म्हणून घ्यायचे. 'तात्पुरता' या एका शब्दासाठी सदतीस वर्षे लागली, १९८२ च्या त्या निकालापासून मोजली तर. त्या पस्तीस वर्षे दळण वाहिलेल्या बाईंच्या वेळी हा शब्द कायद्यात असता, तर सेक्रेटरींना थोरल्याच्या हाती दाखला देताना दोनदा विचार करावा लागला असता.

परंतु कायदा झाला तरी नियमांवाचून तो लंगडा. नव्या प्रकरणाखालच्या नियमांचा मसुदा सरकारने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केला आणि १५ मे पर्यंत लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या. त्यातल्या ज्या गोष्टीची अधिक चर्चा झाली ती थकबाकीवरच्या व्याजाची. पोटनियमांप्रमाणे हे व्याज २१ टक्क्यांपर्यंत लावता येत असे; मसुद्यात ते १२ टक्क्यांवर आणण्याचे सुचवले होते. पन्नास हजारांची थकबाकी वर्षभर राहिली तर १०,५०० ऐवजी ६,००० रुपये. वेळेवर पैसे भरणाऱ्यांनी यावर नाक मुरडले, आणि त्यांचेही म्हणणे अगदीच चूक नाही. थकबाकीदाराचे लाड पुरवायला लिफ्टचे बिल थांबत नाही. पण थकबाकीदार म्हणजे नेहमी मुजोर माणूसच असतो असे नव्हे. पती गेल्यावर ज्या बाईचे बँकेतले खाते वर्षभर अडकून पडते, जिच्या नावे भाग झालेले नसतात, तिच्या दारावरही तेच बिल त्याच व्याजासह चढत असते. मसुद्यावर हरकत लिहिताना अशी बाजू मांडायची, तर ती मांडणारे कोणी हवे. एक महिन्याच्या त्या मुदतीत आपल्या ओळखीतल्या किती बायकांनी ते राजपत्र पाहिले, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. उत्तर ठाऊक होते.

सवलतींचीही एक छोटी कहाणी आहे. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास राज्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली. सोबत अट घातली, की पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही! अडीअडचणीला घर विकायचे झाले तर गिऱ्हाईकही बाईच शोधा. २०२३ मध्ये ही अट काढली. त्याआधी २०१५ मध्ये झालेली दुरुस्ती मात्र फार उपयोगाची आहे आणि फार थोड्या घरांना ठाऊक आहे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिले, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये ठरवले गेले. स्थानिक अधिभार, नोंदणी आणि वकिलाचा खर्च निराळा. तरीही ज्यांना हयातीतच पत्नीचे नाव घराला लावायचे आहे, त्यांची पूर्वीची सबब यामुळे उरली नाही.

पुनर्विकासाचे वारे आता आपल्याही गल्लीत शिरले आहे, म्हणून एवढे नोंदवते. जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी धरली गेली. घर पाडायचे की नाही, नवे केवढे मिळणार, तोवर भाडे किती, हे सारे त्या सभेत ठरते, आणि तिथे मत मोजले जाते ते दाखल्यावरच्या पहिल्या नावाचे. त्या दिवशी गच्चीवर जायचे असेल तर तयारी आदल्या आठवड्यात होत नाही.

नामनिर्देशनाचा फॉर्म सेक्रेटरींकडे मिळतो. तो तीन प्रतींत भरायचा. समितीच्या सभेत त्याची नोंद होते आणि एक प्रत आपल्याला पोच म्हणून परत येते. पहिल्या वेळी त्याला पैसे पडत नाहीत. एकाहून अधिक नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहायचा असतो. परत आलेली प्रत भागदाखल्याबरोबरच ठेवावी, आणि दाखला कुठल्या खणात आहे ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.